उभ्या गाडीचा भोंगा आणि फाडलेली पावती

आमचे नायगाव नांदेड-देगलूर रस्त्यावर वसलेले. मालमोटारींच्या भोंग्यांची येथील कानांना सवयच झालेली आहे. धावत्या गाडीचा आवाज येतो आणि निघून जातो. परंतु रस्त्याकडेला उभी असलेली मोटार मध्यरात्री आपोआप कोकलू लागली, की सारी गल्ली जागी होते. चोराला पळवून लावण्यासाठी बसविलेला हा अलार्म मांजराने टपावर उडी मारली तरी वाजतो. अशा गाडीची पावती फाडावी काय? ती उचलून न्यावी काय? आणि मालकाला हे मान्य नसेल तर त्याने दाद कोठे मागावी? या प्रश्नांचा कायद्याच्या आधारे विचार करण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

प्रथम झोपमोड झालेल्यांची बाजू पाहू. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटापासून मुक्तता हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा शेजाऱ्यांची तक्रार क्षुल्लक म्हणून उडवून लावता येणार नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या शेजारचे एक काका स्वतःची जीप भाड्याने चालवितात. एका आजारी माणसाला घेऊन ते मोठ्या शहरातील रुग्णालयात गेले होते. रात्री बाहेर उभ्या असलेल्या जीपचा अलार्म वाजत राहिला, आणि पहाटे पाहतात तो जीप जागेवर नाही! जप्त गाड्यांच्या तळावर त्यांच्या हाती पावती पडली. तीवर 'विनाकारण हॉर्न वाजविणे' हा गुन्हा आणि वर गाडी उचलण्याचा खर्च. दोन दिवसांची कमाई बुडाली. "कलम कोणते ते बघ रे बाबा," असे म्हणून त्यांनी ती पावती माझ्यापुढे ठेवली.

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ साली कलम १९४-एफ घालण्यात आले. त्यात पहिल्या गुन्ह्यास एक हजार व पुढील गुन्ह्यास दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. मात्र हॉर्नविषयीचा हा गुन्हा 'वाहन चालविताना' घडावा लागतो. आवाजाची मानके मोडण्याविषयीचे कलम १९०(२) हेसुद्धा वाहन चालविणाऱ्यास किंवा चालवू देणाऱ्यासच लागू होते. काकांची जीप तर उभी होती! मग उभ्या गाडीचा मालक मोकळा सुटतो काय? नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ मध्ये सार्वजनिक उपद्रवास एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे उपद्रवाला कायदा आहे, पण तो वेगळा आहे. चुकीच्या कलमाखाली फाडलेली पावती टिकू नये, असे माझे मत आहे.

गाडी उचलण्याचा आधार पुन्हा निराळाच. कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास वा अधिक बेवारस सोडलेली, मनाई असलेल्या ठिकाणी उभी केलेली, अथवा रहदारीस धोका वा अडथळा करणारी गाडी हलविता येते. तशी आज्ञा गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यानेच द्यावी लागते, आणि खर्च मालकावर पडतो. या कारणांत आवाजाचा उल्लेख नाही. उचलण्याच्या घाईत तारतम्य सुटले की काय होते, हे २०२१ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात दिसले. तेथे दुचाकी तिच्यावर बसलेल्या माणसासकट उचलली गेली होती.

दाद मागण्याचा मार्ग असा. कलम २०० अन्वये जागेवर भरावयाचे तडजोड शुल्क ऐच्छिक असते. ते भरले की प्रकरण मिटते. गुन्हा मान्य नसेल तर न भरता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे म्हणणे मांडता येते. त्याआधी वाहतूक शाखेकडे लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. छायाचित्र, गाडी उचलण्याचा आदेश आणि त्या जागेच्या मनाईची अधिसूचना माहिती अधिकारात मागावी. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. लोकअदालतीतही तडजोड होते, परंतु तिच्या निवाड्यावर अपील नाही, हे ध्यानात ठेवावे.

काकांनी साध्या मराठीत एक पानाचा अर्ज दिला. हॉर्नची पावती रद्द झाली. उचलण्याचा खर्च मात्र परत मिळाला नाही, कारण छायाचित्रात मनाईचा फलक जीपच्या डोक्यावर स्पष्ट दिसत होता. मला हा निर्णय न्याय्य वाटतो. जे घडले त्याची किंमत द्यावी. जे घडलेच नाही त्याची देऊ नये. आता काकांनी अलार्म थोड्या वेळाने आपोआप बंद होईल असा करून घेतला आहे.

आपल्या भागात पावती हाती पडली की लोक निमूट पैसे मोजतात, नाहीतर ओळखीचा माणूस शोधतात. दोन्ही वाटांनी कायदा दुबळाच होतो. मित्रहो, आपण शिकलेली मुले आहोत. गावातल्या माणसाला पावतीवरचे कलम वाचून दाखविणे आणि त्याचा अर्ज लिहून देणे, एवढे तरी आपल्या पदवीकडून गावाला मिळावे.