आजीचे रक्त आणि नातवाचा शोध

घरचे माणूस गेले की सुतक येते, दिवस होतात, आणि काळाने का होईना, घर सावरते. दूरदेशी मरण येऊन देह हाती लागला नाही, तर त्यासाठीही आपल्या धर्मशास्त्राने पालाशविधी सांगून ठेवला आहे. सात वर्षे ज्याची वार्ता नाही त्याला मृत मानण्याची वाट कायद्यातही आहे. परंतु सरकारनेच एखाद्याला रात्री घरातून उचलावे आणि सकाळी चौकशीला आलेल्या आईला ‘असा इसम आमच्या ताब्यात नाही’ म्हणून परत पाठवावे, तर त्या घराने काय करायचे?

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशात हजारो घरांवर हा प्रसंग आला. २४ मार्च १९७६ रोजी तेथे लष्कराने सत्ता बळकावली आणि ती १९८३ च्या डिसेंबरपर्यंत सोडली नाही. कामगार पुढारी, विद्यार्थी, वकील, पत्रकार असे लोक या काळात नाहीसे झाले. पुढे नेमलेल्या चौकशी मंडळाने सुमारे ९,००० जणांची नोंद केली. मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्था हा आकडा ३०,००० सांगतात. बंदिप्रत्यक्षीकरणाचे अर्ज न्यायालयात पडून राहत. कित्येकांना गुंगीचे औषध टोचून विमानातून समुद्रात फेकले होते, हे नंतर उघड झाले.

यांत गरोदर स्त्रियाही होत्या. त्यांना बाळंत होईपर्यंत जिवंत ठेवीत. राजधानी ब्यूनोस आयरिसमधील आरमाराच्या यंत्रशाळेत तर यासाठी वेगळी खोलीच होती. मूल झाले की आईला संपवायचे आणि मूल एखाद्या अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या ओळखीच्या घरी द्यायचे. जन्माचा दाखला खोटा. अशी सुमारे ५०० मुले असावीत, असा त्यांच्या आज्यांचा अंदाज आहे. या आज्यांनी १९७७ साली आपली संघटना उभारली.

येथे शोधाची रीतच उलटी होते. ज्याने आईबापांना शोधायचे, त्या मुलाला आपले कोणी हरवले आहे याची गंधवार्ताही नाही! म्हणून आधी आज्यांनी नातवंडांना शोधावयाचे. पण एखादे मूल सापडले तरी ते आपलेच, हे न्यायालयात सिद्ध कसे करणार? पितृत्वाच्या तपासणीला बाप लागतो, आणि येथे मधली पिढीच पुसलेली. आज्या परदेशी शास्त्रज्ञांकडे हाच एक प्रश्न घेऊन गेल्या : आमच्या रक्तावरून नातू ओळखता येईल काय?

अमेरिकेतील संशोधिका मेरी-क्लेअर किंग यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर बसविले. रक्तातील पांढऱ्या पेशींवर काही खुणा असतात. त्यांतील निम्म्या आईकडून, निम्म्या बापाकडून येतात. दोन्ही बाजूंच्या आजीआजोबांच्या खुणा मांडल्या, म्हणजे नाहीशा झालेल्या आईबापांत कोणत्या असू शकतील याचा हिशेब करता येतो. याच रीतीने १९८४ साली आठ वर्षांची एक मुलगी आपल्या आजीची ठरली. पुढे याहूनही सोपा धागा हाती आला. पेशीत मायटोकाँड्रिया नावाचे सूक्ष्म कण असतात, त्यांतील डी. एन. ए. केवळ आईकडूनच मिळतो. आजीचा तो लेकीत, लेकीचा नातवात, जवळजवळ जसाच्या तसा. आजी वारली असेल तर मावशी किंवा मामा साक्षीला उभे राहू शकतात. आज्या वृद्ध होत चालल्या होत्या, तेव्हा १९८७ साली कायदा करून त्यांच्या रक्ताची राष्ट्रीय पेढीच स्थापन झाली. आम्हांस हा कायदा विलक्षण वाटतो : न सापडलेल्या मुलाला उद्या शंका येईल, या भरवशावर आज रक्त जपून ठेवायचे!

आणि शंका आल्या. मुले मोठी झाली. आईच्या गरोदरपणाची एक तसबीर नाही, दाखल्यावर लष्करी डॉक्टरची सही, तोंडवळा घरात कोणाशी जुळत नाही; असे तरुण स्वतःहून येऊ लागले. आज्यांच्या संघटनेच्या अध्यक्षा एस्तेला दे कार्लोत्तो यांची मुलगी १९७८ मध्ये मारली गेली. तिचा मुलगा २०१४ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, अशाच संशयावरून तपासणीस गेला आणि त्यांचा नातू निघाला.

काहींनी मात्र नको म्हटले. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ज्याने लहानाचे मोठे केले, त्यालाच आपल्या रक्ताच्या थेंबाने तुरुंगात धाडायचे, हे कोणाला सोपे जाईल? २००९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला : दंडात सुई सक्तीने खुपसू नये, पण वापरलेल्या कपड्यांवरून किंवा दातांच्या ब्रशवरून नमुना घ्यावा. आमच्या मते हे योग्यच झाले. कारण त्या रक्तावर दुसऱ्या बाजूला वाट पाहणाऱ्या आजीचाही काही हक्क होता. या चोऱ्यांमागे ठरलेली योजना होती, हे २०१२ मध्ये सिद्ध होऊन हुकूमशहा विदेला याला ५० वर्षांची शिक्षा झाली.

शोध लागला म्हणजे आईबाप भेटले, असे मात्र नव्हे. हाती येते ते खरे आडनाव, खऱ्या जन्मदिवसाचा अंदाज, आईची एखादी तसबीर, नवे काका आणि मावश्या. १९८४ पासून अस्थी ओळखण्याचे काम करणाऱ्या मंडळाने काहींना आईबापांची हाडे मिळवून दिली. समुद्रात टाकलेल्या बहुतेकांची तीही नाहीत. १९९४ साली तेथे ‘सक्तीने नाहीसा केलेला’ असा एक वेगळा कायदेशीर दर्जाच निर्माण करण्यात आला. वारसाहक्क मिळावा म्हणून मुलाने आईला मृत जाहीर करावे, ही सक्ती त्यामुळे उरली नाही.

२०२५ पर्यंत १४० नातवंडांचा असा छडा लागला. उरलेली आज पन्नाशीला टेकली आहेत, त्यांना मुले झाली आहेत. पेढीत रक्त देऊन गेलेल्या अनेक आज्या आता हयात नाहीत. तपासणी त्यांच्यामागेही चालू आहे.