विश्लेषण : प्लास्टिक ‘खाणारे’ जिवाणू मिरकरवाड्यातील जाळी खातील का?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात झावळी आणि फाटके जाळे शेजारी पडले, तर झावळीची माती होते. जाळे मात्र वर्षानुवर्षे तसेच राहते. असे का?

झावळी कशी कुजते?
ट्रायकोडर्मासारखी बुरशी विकरे सोडून झावळीतील सेल्युलोजची साखर करते. लिग्निन चिवट असते, म्हणून नारळाची सोडणे उशिरा कुजतात.

प्लास्टिक खाणारा जिवाणू कोणता?
जपानच्या साकाई शहरात सापडलेला ‘इडिओनेला साकाएन्सिस’. २०१६ मध्ये त्यावरील संशोधन प्रसिद्ध झाले. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक, म्हणजे ‘पेट’, तो दोन विकरांनी तोडतो. मात्र ३० अंश सेल्सिअसला पातळ फिल्म संपवायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले. २०२० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दुसऱ्या एका विकरात सुधारणा करून, ७२ अंशांवर १० तासांत ९० टक्के ‘पेट’ मूळ घटकांत सुटे केले.

मग जाळ्यांचे काय?
जाळी प्रामुख्याने नायलॉन आणि ‘एचडीपीई’ची असतात. ‘पेट’मधील एस्टर बंध तोडणारे विकर तिथे चालत नाही. शिवाय हे काम बंद टाकीत, ठरावीक तापमानाला होते. जिवाणू समुद्रात सोडून नव्हे.

बंदरावर काय करता येईल?
कचरा वेगळा ठेवणे. झावळ्या-सोडणांचे खत होईल, बाटल्या पुनर्वापराला जातील. फाटके जाळे मात्र होडीतून परत किनाऱ्यावर आणावेच लागेल. पाण्यात सुटलेले जाळे कोणाच्याही मालकीचे नसले, तरी मासे आणि कासवे अडकवतच राहते.