सर्दी, दमा आणि एका औषधाची परीक्षा

महाड-पोलादपुराकडे आषाढाची झड लागली कीं भिंतींना ओल येते, अंथरुणें सर्द होतात, आणि घरांत एकाला झालेलें पडसें पाळीपाळीनें सर्वांकडे फिरतें. इतरांचें आठवडाभरांत ओसरतें. ज्याला दमा आहे त्याला मात्र दोन दिवसांतच रात्र बसून काढावी लागते. असें कां व्हावें?

पडशाचा विषाणु शिरतांच श्वासनलिकेच्या पेशी ‘इंटरफेरॉन-बीटा’ हें संरक्षक द्रव्य निर्माण करतात. दमेकऱ्यांच्या पेशींत तें उणें पडतें, असें इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या संशोधकांना २००५ सालीं आढळलें. मग उणें पडतें तें श्वासावाटे बाहेरून द्यावें, हा विचार ओघानेंच आला.

परंतु विचार सुचणें निराळें आणि औषध ठरणें निराळें. पडसें आपोआप बरें होणारें. त्यामुळें त्यावरील प्रत्येक काढ्याला यश ठेवलेलेंच! आमच्या परसांतला अडुळसा या न्यायानें कधींच हरलेला नाहीं. म्हणून तुलना हवी. ही रीत महाडकरांस परकी नाहीं. विंचुदंशावर प्राझोसिन एकटें पुरे कीं त्यास प्रतिविषाची जोड द्यावी, हें डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनीं महाडासच ७० रोग्यांचे दोन गट पाडून पाहिलें. २०११ सालीं तें प्रसिद्ध झालें: जोड मिळालेल्या ३५ पैकीं ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, दुसऱ्या गटांतले अवघे ८.

इंटरफेरॉनचा निकाल इतका स्वच्छ लागला नाहीं. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत १४७ दमेकरी होते. सर्दी सुरू होतांच २४ तासांच्या आंत कांहींना औषध, इतरांना हुबेहूब दिसणारें निरौषधी द्रव्य, असें चौदा दिवस दिलें. कोणाला काय मिळालें, हें रोग्यालाही ठाऊक नव्हतें आणि डॉक्टरांनाही. एकंदरींत दम्याच्या लक्षणांत फरक दिसला नाहीं. ज्यांचा दमा मुळांतच कठीण, तेवढ्यांना लाभ झालासा वाटला. पण एका पोटगटावरून औषध सिद्ध होत नसतें. पुढें कठीण दम्याच्याच रोग्यांवर नवी परीक्षा मांडली, तर अपेक्षेहून फार थोड्यांचा दमा उसळला आणि ती मध्येंच थांबवावी लागली.

तेव्हां आपल्या घरीं तूर्त उपयोगाचा आहे तो डॉक्टरांनीं रोज ओढावयास दिलेला पंपच. ‘त्याची संवय लागते’ म्हणून श्वास जरा मोकळा होतांच तो कपाटांत ठेवणारीं सुशिक्षित घरें मीं पाहिलीं आहेत. आणि श्रावणांत मध्यरात्रीं तोच पंप शोधण्याची त्यांची धांदलही पाहिली आहे.