टाचदुखी आणि स्वतःच्याच रक्ताचे इंजेक्शन

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकले की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. चार पावले लंगडत टाकली की ती कमी होते आणि संध्याकाळी पुन्हा डोके वर काढते. उलव्यात ही तक्रार घेऊन येणाऱ्यांत गृहिणी, सोसायट्यांचे रखवालदार आणि चार-पाच घरची कामे करणाऱ्या बायका अधिक. अलीकडे त्यांचा पहिलाच प्रश्न असतो, "डॉक्टर, ते आपल्याच रक्ताचे इंजेक्शन घेऊ का?"

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो. धनुष्याच्या दोरीसारखा तो पायाची कमान ताणून धरतो. वाढलेले वजन, तासन्‌तास उभे राहणे, कडक फरशीवर अनवाणी वावरणे, आखडलेल्या पोटऱ्या यांमुळे टाचेपाशी त्याचे तंतू झिजतात. एक्स-रेत 'हाड वाढलेले' दिसले की रुग्ण घाबरतो. पण टाच अजिबात न दुखणाऱ्या अनेकांनाही तसे हाड असते.

आता त्या इंजेक्शनाविषयी. त्याला पीआरपी म्हणतात. डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द घरोघरी पोचलाच आहे. या पेशी रक्त गोठवतात, तसेच जखम भरून येण्यास मदत करणारे घटकही सोडतात. हातातील शिरेतून रक्त काढून ते यंत्रात वेगाने फिरवतात आणि प्लेटलेट एकवटलेला थोडा भाग टाचेत टोचतात, शक्यतो सोनोग्राफीत पाहून. रेंगाळलेल्या दुखापतीला भरून येण्याची चालना मिळावी, ही त्यामागची कल्पना. रक्त स्वतःचेच असल्याने ॲलर्जीचे भय फारसे नाही. मात्र नंतर काही दिवस टाच चांगलीच ठणकते आणि जंतुसंसर्गाचा थोडा धोका राहतोच.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने लवकर आराम पडतो, पण तो बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. ते वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याची, टाचेची चरबीची गादी झिजण्याची भीती असते. पीआरपीचा गुण सावकाश येतो. काही अभ्यासांत सहा महिन्यांनंतर ते स्टिरॉइडपेक्षा सरस ठरले, तर काहींत फरक आढळला नाही. तेव्हा कोणी शंभर टक्के खात्री दिली तर तेथून उठलेले बरे.

मुख्य गोष्ट अशी की १० पैकी ८ ते ९ जणांची टाच साध्या उपायांनी वर्षभरात बरी होते. महिन्याभराच्या दुखण्यासाठी धुणीभांडी करणाऱ्या बाईने कष्टाचे हजारो रुपये या सुईवर घालवावेत, हे मला पटत नाही.

अंथरुणातून उतरण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा आणि बोटे हाताने नडगीकडे ओढावीत. तळव्यातील पट्टा दोरीसारखा ताठ लागतो. १० अंक मोजून सोडावे; असे १० वेळा, दिवसातून तीनदा. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुनाट टाचदुखीवर हा व्यायाम नुसती पोटरी ताणण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरला. पोटरीचा व्यायामही करावाच. घरात मऊ, जाड तळाची चप्पल घालावी. घरात चप्पल म्हटले की सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडतात! वेगळी जोडी ठेवावी आणि देवघरापाशी काढावी, म्हणजे झाले.

हे सर्व नेमाने सहा महिने करूनही चालणे अवघड होत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांशी पीआरपीविषयी जरूर बोलावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास किंवा प्लेटलेट कमी असल्यास आधी सांगावे. हृदयविकारासाठीची ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

आणि प्रत्येक टाचदुखी या पट्ट्याचीच असते असे नाही. तरुण वयात दोन्ही टाचा दुखत असतील व सकाळी कंबरही आखडत असेल, तर तो एक प्रकारचा संधिवात असू शकतो. मधुमेह्यांच्या तळव्यांची जळजळ, बधिरपणा हे नसांचे दुखणे असते. झोपेतही थांबत नाही अशी वेदना, सूज किंवा ताप असेल, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता आधी तपासून घ्यावे.