माप पट्ट्याचं, माप कपाचं

ब्लाउज शिवायला टाकताना आपल्याकडच्या बायका किती चोखंदळ असतात! छाती, छातीखालचा घेर, कंबर, खांदा, मुंढा, दंड, बाहीची उंची, पुढचा गळा, मागचा गळा, सगळं वहीत उतरतं. जाणता शिंपी त्यावर टक पॉइंटही घेतो, म्हणजे खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं अंतर. एवढं करून मुंढ्यात जराशी चुणी पडली, तरी ब्लाउज उसवायला परत जातो. त्याच ब्लाउजच्या आतलं वस्त्र मात्र दिवसाचे बारा-चौदा तास अंगाला चिकटून असूनही काउंटरवर आवाज खाली आणून, एका आकड्यावर घेतलं जातं. "चौतीस द्या." पुढचा प्रश्न एवढाच, की काळी देऊ की स्किन कलर?

पुण्याच्या कर्वेनगरात मी बरीच वर्षं शिवणाचे वर्ग घेते. कटोरी ब्लाउज शिकवताना हा विषय टाळताच येत नाही. आतली ब्रा ढगळ असेल, तर कटोरी कितीही नेमकी बेतली तरी टक चुकीच्या जागी बसतो. त्यामुळे मी आधी आतलं माप बघते आणि मग बाहेरचं. यातूनच मला ब्राच्या मापाचा नाद लागला. दुकानं पालथी घातली, जुन्या ब्रा उसवून तुकडे टेबलावर मांडून पाहिले. साध्या दिसणाऱ्या ब्रामध्येही वीसच्या वर सुटे भाग निघतात. वरच्या कपाचा तुकडा, खालच्या कपाचा तुकडा, मधला जोड, बाजूचे पंख, तारेची नळी, तीन-चार जातींचं इलॅस्टिक, कड्या, हुकांची पट्टी. एवढं बारीक काम असलेला दुसरा कपडा आपल्या कपाटात नसतो.

ज्या उपनगरात माझे वर्ग चालतात त्याचं नावही या विषयाला साजेसं आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत आला, १९१६ मध्ये इथेच महिला विद्यापीठ सुरू झालं आणि हिंगण्याचं कर्वेनगर झालं. आज कमिन्स कॉलेजच्या रस्त्यावर संध्याकाळी उभं राहिलं, तर महाराष्ट्रभरातून शिकायला आलेल्या मुली दिसतात. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनी तर १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. शरीराबद्दल स्वच्छ, शास्त्रशुद्ध बोलावं म्हणून या घराने एवढी किंमत मोजली. त्यांच्या नावाच्या वस्तीत तरी मुलीने आपला नंबर कुजबुजत सांगू नये, असं मला मनापासून वाटतं.

ब्राचा जागतिक इतिहास थोडक्यात आटपते. पॅरिसच्या एर्मिनी कादोल यांनी १८८९ च्या सुमारास कॉर्सेटचे दोन भाग केले. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब यांनी दोन रुमाल आणि रिबन जोडून केलेल्या ब्राचं पेटंट १९१४ मध्ये घेतलं आणि पुढे ते वॉर्नर कंपनीला पंधराशे डॉलरना विकलं. कपाला ए, बी, सी, डी ही अक्षरं १९३० च्या दशकात लागली आणि १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्सचा ताणला जाणारा धागा तयार केला. आपल्याकडे आजीच्या पिढीने 'बॉडी' शिवून घेतली, आईच्या पिढीने ती तुळशीबागेत विकत घेतली. आता कर्वे रस्त्यावरच्या दुकानांत जॉकी, एनॅमॉरच्या रांगा लागलेल्या असतात.

आता मुद्द्याचं. ब्राच्या नंबरात दोन मापं असतात. आकडा पट्ट्याचा, म्हणजे स्तनांच्या खाली बरगड्यांभोवती जो घेर येतो त्याचा. अक्षर कपाचं, म्हणजे छातीचा भरलेला घेर आणि खालचा घेर यांतल्या फरकाचं. एक इंच फरक असेल तर ए, दोन असेल तर बी, तीन सी, चार डी, पाच डीडी. आपली चूक होते ती अशी : शिंप्याच्या वहीतली 'छाती ३६' आपल्या डोक्यात पक्की बसलेली असते आणि तोच आकडा आपण ब्राच्या दुकानात सांगतो. पण तो भरलेल्या छातीचा घेर आहे, पट्ट्याचा नव्हे.

माझ्या वर्गात फळ्यावर मी हे उदाहरण नेहमी मांडते. एका बाईची भरलेली छाती ३६ इंच आणि खालचा घेर ३२ इंच. फरक चार, म्हणजे नंबर ३२ डी. ती दुकानात ३६ मागते आणि दुकानदार तिला ३६ बी देतो. गंमत बघा, ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी या तिन्हींच्या कपात साधारण तेवढंच मावतं, कारण पट्टा वाढतो तसं एकाच अक्षराचं आकारमानही वाढतं. अशा नंबरांना व्यवसायात सिस्टर साइझ म्हणतात. म्हणून कप बरा बसतो आणि बाईला वाटतं, नंबर बरोबर आहे. पण पट्टा चार इंच ढगळ असतो. तो मागून वर चढतो, पुढून खाली लोंबतो, मग ती स्ट्रॅप आवळते, आवळलेले स्ट्रॅप खांद्यात रुततात आणि संध्याकाळी मान भरून येते. 'डी म्हणजे खूप मोठी' हा समजही इथेच मोडतो. डी म्हणजे फक्त चार इंचांचा फरक. सडपातळ मुलीचाही नंबर ३० डी असू शकतो.

जुन्या दुकानांत खालच्या घेरात चार-पाच इंच मिळवून नंबर काढायची पद्धत अजून आढळते. ती ताण न घेणाऱ्या कापडाच्या काळातली आहे. आजच्या ताणल्या जाणाऱ्या पट्ट्याला ती लावली की पट्टा मोठा आणि कप लहान, असा उलटा हिशेब होतो. त्यात स्वस्त मालावर नुसता आकडाच छापलेला असतो, अक्षर नसतंच.

सगळा आधार पट्ट्यात आहे, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. स्तनात स्वतःला उचलून धरणारा स्नायू नसतो. आतल्या तंतूंचं वर्णन ब्रिटिश शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८४० मध्ये केलं, त्यांना आजही कूपरचे बंध म्हणतात, पण ते वजन पेलणारे दोर नव्हेत. वजन बरगड्यांवर उतरायला हवं आणि तिथे उतरवण्याचं काम पट्टाच करतो. स्ट्रॅप फक्त कप जागेवर धरतात.

हे ज्ञान आपल्याकडे नवं नाही. नऊवारीवरची गाठीची चोळी आठवा! गुळेदगुडच्या खणाची, काठ बाहीवर येतील अशी बेतलेली, आणि पुढे दोन टोकांची गाठ. ती गाठ कुठे यायची? बरोबर स्तनांच्या खाली, जिथे आज ब्राचा पट्टा असतो तिथेच. माझ्याकडे आजीची एक इरलेली अंजिरी चोळी आहे. ती मी टेप घेऊन नीट तपासली, तर खांद्याकडे कापड सैल आहे, मुंढ्याखाली छोटी चौकोनी कळी घातली आहे म्हणजे हात वर केला तरी चोळी वर ओढली जाऊ नये, आणि सगळा ताण गाठीच्या दोन टोकांवर आहे. टोकांपाशी खण अक्षरशः विरला आहे, खांद्यावर मात्र धागाही हललेला नाही. वजन कुठे पेललं जात होतं त्याचा हा पुरावाच. शिवाय गाठीला नंबर नसतो. बाळंतपणात, पाळीच्या आधी छाती दुखत असताना, वजन उतरल्यावर, गाठ दररोज त्या दिवसाच्या अंगाला साजेशी बांधता येते. बाळाला पाजतानाही सोपी. ब्राला मागे हुकांच्या तीन रांगा असतात त्या याच कामाच्या. नवी ब्रा सगळ्यांत सैल रांगेवर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक सैलावत जाईल तसं आतल्या रांगेवर यायचं. पहिल्याच दिवशी शेवटची रांग लावावी लागली तर ती ब्रा काउंटरवरच ठेवून यावी.

दुकानांबद्दल थोडं. तुळशीबागेतले विक्रेते नजरेने नंबर सांगतात. त्यांची नजर तयार असते हे खरं, पण ती कुर्त्यावरून दिसणारी छाती बघते, बरगड्यांचा घेर तिला कसा कळणार? लक्ष्मी रोडवरच्या काही दुकानांत माल उत्तम, पण ट्रायल नाही. ज्या दुकानात घालून बघू देत नाहीत, तिथे ब्रा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चपलाही आपण पायात घालून बघतो.

कर्वेनगरातच मला हवं तसं एक लहानसं दुकान सापडलं. गळ्यात टेप अडकवलेल्या तिथल्या ताई आधी नंबर विचारतच नाहीत. मी बसले होते तेव्हा एक हॉस्टेलवरची मुलगी आली.

"ताई, चौतीस बी आहे का?"

"आहे की. पण आत्ता कोणती घातलीयेस? तिचा पट्टा मागून बघू दे."

पट्टा पाठीच्या मध्यावर चढला होता. ताईंनी पडद्यामागे नेऊन टेप लावला, श्वास सोडायला सांगितलं, घेर ३० भरला. मग तिला कमरेतून थोडं वाकायला सांगून भरलेलं माप घेतलं, ते ३४. आधी ३० डी दिली. मुलगी दचकली, "एवढी मोठी?" ताई म्हणाल्या, "अगं, अक्षराकडे नको बघूस, आरशात बघ." पाच मिनिटांनी मुलगी बाहेर आली ती खांदे मागे घेऊन, ताठ चालत. तिने दोन घेतल्या आणि मैत्रिणीला फोन लावत जिना उतरली.

ताईंची आरशासमोरची तपासणी मी तशीच वर्गात शिकवते. घालताना पुढे वाकायचं, काखेकडचा भागही हाताने कपात आणायचा, मग सरळ व्हायचं. पट्टा पुढून-मागून एका पातळीत हवा आणि त्याखाली दोन बोटं जेमतेम सरकावीत. दोन कपांमधला जोड छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. तो अधांतरी राहिला तर बहुतेक वेळा कप लहान असतो. वरच्या कडेला मांस फुगलं तर कप लहान, कापड सुरकुतलं तर कप मोठा किंवा त्याचा घाट तुमचा नव्हे. तार स्तनाला पूर्ण वळसा घालणारी हवी, स्तनावर चढलेली नको. शेवटी दोन्ही हात वर करायचे. पट्टा जागचा हलला, तर एक नंबर कमी करून कप एक अक्षर वाढवायचा. दोन्ही स्तन एकसारखे नसणं अगदी स्वाभाविक आहे. मोठ्या बाजूप्रमाणे कप घ्यावा.

वेताळ टेकडीवर पहाटे पळणाऱ्या मुलींसाठी एक वेगळी नोंद. पोर्ट्समथ विद्यापीठात प्राध्यापक जोआना वेकफील्ड-स्कर यांच्या गटाने पळताना होणारी स्तनांची हालचाल मोजली आहे. ती नुसती वर-खाली नसते, आडवी आणि पुढे-मागेही असते, म्हणून तिची रेघ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी उमटते. पळण्यासाठी वेगळी ब्रा लागते ती यामुळे. पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप एकत्र शिवून केली. तिघी एकमेकींच्या मदतीने शिवत, घालत, पळून बघत. हा प्रसंग मला फार आवडतो, कारण शोध असाच अंगावर घालून लागतो.

तारेच्या ब्राने कर्करोग होतो, ही भीती वर्गात दर वर्षी कुणीतरी बोलून दाखवतंच. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्राने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. गाठ लागली, त्वचा ओढल्यासारखी दिसली, तर मात्र ब्रा बदलत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशनसारखी स्तनाच्या आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. शस्त्रक्रियेनंतर एका बाजूचं वजन गेलं की खांदा तिरपा होऊ लागतो. अशा बाईला आतून खिसा असलेली ब्रा आणि त्यात बसणारा कृत्रिम स्तन लागतो, आणि तिचं माप तर आणखी हळुवारपणे, वेळ काढून घ्यायला हवं.

निगा सोपी आहे. हाताने, साध्या पाण्यात धुवावी, पिळू नये, स्ट्रॅपला धरून टांगू नये. दोन-तीन आलटून-पालटून वापराव्यात, म्हणजे इलॅस्टिकला विश्रांती मिळते. टॉवेलखाली लपवून दमट वाळवू नये. पावसाळ्यात पट्ट्याखाली खाज आणि बुरशी येते ती अशा ओलसर कपड्याने. वारं लागेल अशा जागी उघडी वाळत घालावी.

शेवटी एक कळकळीची विनंती. घरात शिवणाचा टेप असतोच, त्याने खालचा घेर आणि भरलेला घेर मोजून कागदावर लिहा आणि दर वर्षी नव्याने मोजा, कारण बाळंतपण, वजन आणि वय यांनी माप बदलतं. वयात येणाऱ्या मुलीला घेऊन जा, टेप लावायचा कसा ते तिला शिकवा आणि निवड तिला करू द्या. कर्वेनगरातल्या मुलींच्या वसतिगृहांत रक्तगट आणि हिमोग्लोबिनची शिबिरं होतात, तिथेच एक टेबल, एक पडदा, एक टेप आणि एक जाणकार बाई एवढं मांडलं तर एका दुपारी शे-दोनशे मुली आपला खरा नंबर घेऊन जातील. कुणी बोलावलं, तर मी टेप घेऊन यायला तयार आहे.