आपल्या नावावर किती कर्ज आहे, ते एकदा बघूया

गटाच्या बैठकीत आपण बचत, हप्ता, व्याज यांचा हिशेब पैशापैशाचा मांडतो. पण कर्ज मागायला गेल्यावर साहेब संगणकात बघून म्हणतात, "ताई, तुमचं सिबिल खराब आहे," तेव्हा आपण गप्प उठून येतो. हे सिबिल आपल्याला बघता येतं का आणि त्याला पैसे किती पडतात, ते आज सांगतो.

सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव. आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका, फायनान्स कंपन्या आणि मायक्रोफायनान्सवाले आपल्या कर्जाची माहिती त्यांना कळवतात. कर्ज कधी उचललं, किती फेडलं, कुठला हप्ता किती दिवस चुकला, सगळं. त्याचा जो कागद तयार होतो तो क्रेडिट रिपोर्ट. त्यावर ३०० ते ९०० मधला एक आकडा असतो, तो स्कोअर. आकडा जितका मोठा, तितकी पत चांगली.

आता पैशाचं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे २०१७ पासून या प्रत्येक कंपनीला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह फुकट द्यावाच लागतो. कंपन्या चार, म्हणजे दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला तर वर्षभर एक रुपयाही लागत नाही. मात्र कंपनीच्या वेबसाइटवर पैसे भरायच्या योजना आधी डोळ्यांत भरतात, फुकटचा पर्याय जरा शोधावा लागतो. गावात कुणी "पाचशे द्या, सिबिल सुधारून देतो" म्हणत आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. आणि आपला रिपोर्ट आपणच बघितल्यानं स्कोअर कमी होतो, ही नुसती अफवा.

रिपोर्टसाठी पॅन कार्डासारखं ओळखपत्र आणि मोबाइल लागतो. इथंच आपलं अडतं. कर्जाच्या अर्जावर नंबर मुलाचा किंवा धन्याचा दिलेला असतो आणि ओटीपी त्याच्या फोनवर जातो. आधी बँकेत जाऊन स्वतःचा नंबर लावून घ्या. ओटीपी मात्र कुणालाच सांगू नका, मदतीला आलेल्या ओळखीच्या पोरालाही नाही.

रिपोर्ट हातात आला की स्कोअरपेक्षा खालची कर्जांची यादी आधी वाचा. मायक्रोफायनान्सचं कर्ज पाचजणींच्या गटानं मिळून घेतलं तरी नोंद प्रत्येकीच्या नावावर वेगळी असते. शेजारणीला नड होती म्हणून आपण आपल्या नावावर कर्ज काढून दिलं, तिनं हप्ते थांबवले, तर थकबाकीदार आपणच. कुणासाठी जामीन राहिलो असू, तर तेही कर्ज यात दिसू शकतं. कधी आपण न घेतलेलं कर्जही निघतं, कारण कुणीतरी आपले आधार-पॅनचे झेरॉक्स वापरलेले असतात. 'सेटल्ड' हा शब्दही बघा. वसुलीवाला म्हणतो, "थोडे भरा, मिटवून टाकू." पण पूर्ण रक्कम फेडली नाही अशी खूण त्यामागे राहते आणि पुढचं कर्ज अडतं. फिटलेलं कर्ज अजून चालू दिसत असेल, तर थकबाकी नसल्याचा दाखला शोधून ठेवा.

चूक सापडली की त्या कंपनीच्या वेबसाइटवर आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडेही तक्रार करा. त्याला पैसे नाहीत. तक्रारीचा नंबर आणि तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा, कारण ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही कुणी दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथंही फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी फुकट फोन करायचा नंबर आहे १४४४८.