अनुत्तरित प्रार्थना आणि पंडिता रमाबाई

खालापूर तालुक्यातील महडच्या वरदविनायकापुढे नवस बोलणारे आणि इच्छा पूर्ण झाल्यावर तो फेडायला येणारे भाविक पाहिले म्हणजे, देवाकडे काही मागणे ही माणसाची किती स्वाभाविक गरज आहे हे ध्यानात येते. परंतु कळवळून मागितलेले मिळालेच नाही, आजारी मूल वाचले नाही किंवा पाऊस पडला नाही, तर भक्ताने देवाशी कोणते नाते ठेवावे, हा प्रश्न कोणत्याही धर्माला चुकलेला नाही. ख्रिस्ती धर्मात त्याला विशेष धार येते. कारण येशूने आपल्या शिष्यांना देवाला ‘पिता’ म्हणून हाक मारायला शिकवले आणि मागणाऱ्याला मिळेल असे आश्वासनही दिले. उदासीन शक्तीकडून उत्तर न येणे माणूस सोसू शकतो, पण प्रेमळ पित्याचे मौन त्याला अधिक लागते.

हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यात दोनदा, दोन वेगळ्या श्रद्धांच्या छायेत उभा राहिला, त्या म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२).  रेल्वेने पुणे ओलांडून पुढे गेले की दौंडच्या अलीकडे केडगाव लागते, आणि तेथेच रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी ‘मुक्ती’ ही संस्था उभारली. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित होते. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला होता, आणि पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थक्षेत्रे हिंडत ते उपजीविका करीत. १८७० नंतरच्या दुष्काळात या कुटुंबाचे जे झाले, त्याची हकीकत रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात सांगितली आहे. शास्त्रांत सांगितलेली व्रते, दाने, तीर्थस्नाने आणि पूजा त्यांनी यथासांग केल्या, त्यांत होते नव्हते ते द्रव्य आणि दागिने संपले, आणि अखेरीस रानातील पाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागोमाग गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई उरली, तेव्हा सांगितलेल्या सर्व अटी पाळूनही देव प्रसन्न का झाले नाहीत, या प्रश्नाने दोघांचा जुन्या विधींवरील विश्वास ढळला.

ही हकीकत पुष्कळदा एका धर्माचे वैगुण्य आणि दुसऱ्याची थोरवी दाखवण्यासाठी वापरली जाते. तो वापर अन्यायाचा आहे, आणि तो करणाऱ्यांच्या नजरेतून त्याच आत्मनिवेदनातील सर्वांत मोलाचा प्रसंग निसटतो. मरणोन्मुख अनंतशास्त्र्यांनी आपल्या लाडक्या धाकट्या मुलीला जवळ घेऊन, तिला देवाच्या हाती सोपवल्याचे आणि तिने त्याचीच सेवा करावी असे सांगितले. ज्याच्या एकाही मागण्याला उत्तर मिळाले नव्हते, त्या पित्याने अखेरच्या घडीला काही मागितले नाही. जे सर्वांत प्रिय होते ते सोपवले. पुढे ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाईंनी हे शब्द जपून ठेवले आणि देवाने ते दान स्वीकारले अशा भावनेने त्यांकडे पाहिले.

श्रीनिवास १८८० साली गेला. त्याच वर्षी विवाह झालेल्या पतीचा, बिपिनबिहारी मेधावी यांचा, १८८२ मध्ये पटकीने मृत्यू झाला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी आपली लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्याने दुःख टळते असा अनुभव त्यांना आला नाही. १८९६–९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांतून त्यांनी शेकडो मुली आणल्या, संस्थेच्या रोजच्या गरजांसाठी प्रार्थना केल्या, आणि त्यांतल्या अनेक प्रार्थनांना उत्तर मिळाल्याची कृतज्ञ नोंद केली. पण आणलेल्या सगळ्याच मुली वाचल्या नाहीत. पुढे मनोरमा, जी त्यांचा उजवा हात होती आणि जिच्या हाती संस्था जायची असे सर्वांनी गृहीत धरले होते, ती जुलै १९२१ मध्ये चाळिसाव्या वर्षी वारली. रमाबाई त्या वेळी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, आणि मुक्तीच्याच छापखान्यातून १९२४ साली ते बायबल बाहेर पडले.

ज्या ग्रंथावर त्या काम करीत होत्या, तो ग्रंथ अनुत्तरित प्रार्थना झाकून ठेवत नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी करतो, पण स्वतःच्या इच्छेपुढे पित्याची इच्छा ठेवतो. प्याला टळत नाही. येशूचा प्रेषित पौल आपल्या देहातील ‘काटा’, म्हणजे त्याने नाव न सांगितलेले एक जाचक दुखणे, निघावे म्हणून तीनदा प्रार्थना करतो. काटा राहतो, तो सोसायला कृपा पुरेल असे उत्तर मात्र मिळते. स्तोत्रसंहितेत, म्हणजे यहुदी आणि ख्रिस्ती उपासनेतील जुन्या गीतांच्या संग्रहात, विलापस्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत. बहुतेकांचा शेवट आशेकडे वळतो, पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र ग्रंथात आहे. देवाविरुद्ध देवाकडेच गाऱ्हाणे नेणे हेसुद्धा विश्वासाचेच रूप मानले गेले, हा याचा अर्थ.

परंपरेने या मौनाची स्पष्टीकरणेही शोधली. संत ऑगस्टीन सांगतो की त्याने इटलीला जाऊ नये म्हणून त्याची आई मोनिका प्रार्थना करीत होती, तो गेला, आणि तेथेच ३८७ साली मिलान शहरात त्याचा बाप्तिस्मा झाला; म्हणजे देवाने तिचे ते मागणे नाकारून तिची खरी इच्छा पुरी केली. हे स्पष्टीकरण सुंदर आहे, पण ते मागे वळून पाहणाऱ्याला सुचलेले आहे; मूल गमावलेल्या आईला ते सांगणे निर्दयपणाचे ठरेल.

त्याहून घातक म्हणजे, ‘विश्वास कमी पडला म्हणून प्रार्थना ऐकली गेली नाही’ हे उत्तर, जे आजही शोकाकुल घरांत सहज दिले जाते. सर्व अटी पाळूनही फळ का नाही, हा रमाबाईंच्या दुष्काळातील प्रश्नच ते नव्या पोशाखात परत आणते. तेथे व्रतांचा हिशेब होता, येथे विश्वासाचा. बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथात हेच उत्तर निक्षून नाकारले आहे. मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाला त्याचे मित्र सांगतात की तुझेच काही चुकले असले पाहिजे. तो मात्र आपला निर्दोषपणा सोडत नाही आणि देवालाच जाब विचारतो. अखेरीस देव ईयोबाच्या दुःखाचे कारण सांगत नाही, पण आपल्याविषयी योग्य ते बोलले नाहीत म्हणून मित्रांवर रागावतो, आणि ज्या ईयोबाला त्यांनी दोषी ठरवले त्याच्याकडेच त्यांना पाठवतो, कारण त्यांच्यासाठी त्याने केलेली प्रार्थना तो ऐकणार असतो.